साप जेवत नाही म्हणजे तो आजारी आहे का?



परदेशातल्या पाळीव सापांचे व्हिडिओ मुलं हल्ली मोबाईलवर बघतात आणि मग हमखास विचारतात, "साप दोन-दोन महिने जेवत नाही, तरी मरत कसा नाही?" प्रश्न छान आहे. त्याच्या उत्तरात पोषण, वाढ आणि प्रजनन हे तिन्ही धडे एकत्र येतात.

उदाहरण म्हणून बॉल पायथन घेऊ. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान अजगर. घाना, टोगो, बेनिन या देशांत तो उंदरांच्या बिळांत राहतो. पूर्ण वाढला तरी साधारण ३ ते ५ फूट. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. अमेरिका आणि युरोपात तो खूप लोक पाळतात. त्यांची नेहमीची तक्रार एकच : "जेवत नाही हो!"

कमी खाऊन भागतं कसं?

आपण खातो त्यातला बराचसा भाग शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. साप ऊब बाहेरून घेतो, म्हणून त्याचा खर्च फार थोडा. शिवाय दोन जेवणांच्या मधल्या काळात अजगराची पचनसंस्था जवळजवळ मिटून बसते. बर्मी अजगरावरच्या अभ्यासात असं दिसलं की भक्ष्य गिळल्यावर त्याच्या लहान आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत जवळपास दुप्पट होतं आणि पचन संपलं की पुन्हा कमी होतं. थोडक्यात, जेवण हेच सापासाठी मोठं काम आहे. शरीर दुसऱ्या कामात गुंतलं असेल तर तो ते पुढे ढकलतो.

कात टाकताना

कात टाकण्याआधी जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर निघतो. त्यामुळे त्या दिवसांत डोळे निळसर, दुधी दिसतात आणि सापाला अंधुक दिसतं. तो लपून बसतो, डिवचला तर चिडतो आणि बहुतेक वेळा अन्न नाकारतो. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की काही दिवसांत कात निघते. हा सगळा प्रकार साधारण एक ते दोन आठवड्यांचा. या काळात खायला देण्यापेक्षा हवेत ओलावा ठेवणं महत्त्वाचं. हवा कोरडी असेल तर कात तुकड्यांनी निघते, डोळ्यावर चिकटून राहते. ती नखाने ओढायची नाही.

विणीच्या काळात

या दिवसांत नर मादीच्या शोधात असतो, खाण्याकडे त्याचं लक्ष नसतं. मादीच्या पोटात अंडी वाढू लागली की जागाच उरत नाही आणि तीही खाणं सोडते. ती साधारण ६ अंडी घालते आणि त्यांना वेटोळं घालून सुमारे दोन महिने बसते. या काळात ती सहसा काहीच खात नाही. अंडी उबवणयंत्रात हलवली तरी तिच्या अंगाला त्यांचा वास राहतो, म्हणून अनुभवी पाळणारे तिला कोमट पाण्याने हलकेच धुतात. मग ती लवकर खायला लागते.

काळजी कधी करायची?

किती जेवणं चुकली ते मोजण्यापेक्षा वजन बघावं. दर एक-दोन आठवड्यांनी काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. वजन सुमारे १० टक्क्यांहून जास्त उतरलं, पाठीचा कणा वर दिसू लागला, तोंडातून फेस किंवा पू आला, श्वासाचा आवाज येऊ लागला किंवा गिळलेलं बाहेर आलं, तर प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. (अंडी घातल्यावर मादीचं वजन एकदम उतरणारच, म्हणून तिची नोंद अंडी घातल्यानंतरच्या वजनापासून करावी.) नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या बाबतीत मात्र फार थांबू नये.

आणि दोन गोष्टी अजिबात नकोत. जबरदस्तीने अन्न कोंबलं तर तोंडाला इजा होते. जिवंत उंदीर पेटीत सोडून दिला तर न जेवणाऱ्या सापालाच तो कुरतडतो.

आपल्याकडे याचा संबंध काय?

आपल्याकडचे नाग, धामण, अजगर यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. ते पकडणं किंवा घरी पाळणं गुन्हा आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा. पण जबरदस्तीने भरवण्याची गोष्ट मात्र आपल्या ओळखीची. नागपंचमीला नागाला दूध पाजतात. साप मांसाहारी आहे, दूध हे त्याचं अन्नच नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल तो द्रव पितो आणि दूध त्याला बाधतं. आपल्याला माया वाटते, पण जीव त्याचा जातो.

वर्गात करून बघा

फळ्यावर दोन सापांची वजनं लिहा. दोघंही सुरुवातीला १,५०० ग्रॅमचे. दोन महिने उपाशी राहिल्यावर पहिला १,४६० आणि दुसरा १,२९० ग्रॅम. मुलांना विचारा, डॉक्टरकडे कोणाला न्याल? पहिल्याची घट ३ टक्क्यांहूनही कमी, दुसऱ्याची १४ टक्के. शेकडेवारीचं गणित होईल आणि आणखी एक गोष्ट लक्षात राहील : दोघंही "जेवत नव्हते", पण आजारी एकच असावा.