जुलमावर न्यायाचा शिक्का

राज्यकर्त्यास जुलूम करावयाचा असला म्हणजे त्याला फौज लागते, पोलीस लागतात आणि तुरुंग लागतात, हे कोणास सांगावयास नको. परंतु तेवढ्याने त्याचे काम भागत नाही. शिपायाने धरून नेलेला मनुष्य लोकांच्या दृष्टीने वीर असतो. त्याच मनुष्याच्या शिक्षेखाली न्यायाधीशाची सही पडली की तो गुन्हेगार ठरतो. लोकमतास गप्प बसविण्याचे जे सामर्थ्य या सहीत आहे ते तोफेत नाही. म्हणूनच तोफा बाळगणारी सरकारेही न्यायाधीशांची मनधरणी करीत आली आहेत. सातारा-सांगलीकडील वाचकांस हा विषय पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. न्यायासन सत्तेपुढे कसे उभे राहते आणि कसे वाकते, हे दोन्ही या कृष्णाकाठाने पाहिले आहे.

रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि मसनद राघोबादादांच्या हाती गेली, तेव्हा या अपराधास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे शास्त्रीबोवांनी त्यांस तोंडावर सांगितले व आपण पुणे सोडले. ही कथा शाळेतल्या मुलांसही पाठ असल्यामुळे ती येथे लांबवीत नाही. एवढेच लक्षात घ्यावे की, शास्त्रीबोवांजवळ एक शिपाईदेखील नव्हता. होती ती नोकरी, आणि ती त्यांनी टाकली.

याच माहुलीशेजारी, सातारच्या राजवाड्यात, पुढे साठ-सत्तर वर्षांनी जे घडले ते याच्या अगदी उलट होय. कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदारांस फितविण्याचा प्रयत्न केला असा प्रतापसिंह महाराजांवर आरोप आला आणि १८३६ साली विलोबी, ओव्हान्स व लॉडविक या तीन इंग्रजांचे कमिशन बसले. काम बंद दाराआड चालले. साक्षीदार काय बोलले याच्या नकला आरोपीस मिळाल्या नाहीत. महाराज एकच मागणी करीत राहिले, ती ही की, माझी चौकशी उघड करा. ती मान्य झाली नाही. ता. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांस पदच्युत करण्यात आले. पुढे काशीस नेऊन ठेवले आणि तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी सुमारे १४ वर्षे लंडनात तीच मागणी घेऊन दारोदार फिरले. नवल हे की, कमिशनातील लॉडविक यांनीच पुढे महाराजांची बाजू घेतली. पण तोवर चौकशीचे कागद आपले काम करून चुकले होते. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. १८५७ साली खास कमिशनपुढे खटले चालून ता. ८ सप्टेंबर रोजी साताऱ्यास गेंडा माळावर १७ जणांस मृत्युदंड देण्यात आला, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

या सर्वांवर न्यायाधीशवर्गाकडून एक ठरलेले उत्तर येते: कायदा सरकार करते, आम्ही तो केवळ लावतो, मग दोष आमचा कसा? उत्तर सोज्ज्वळ दिसते, पण खरे नाही. राजद्रोहाचे १२४ अ कलमच पाहा. १८९७ साली न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती असा अर्थ ज्यूरीस समजावून दिला आणि लोकमान्यांस १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ साली न्यायमूर्ती दावर यांनी ६ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते. परंतु १९१६ साली टिळकांच्याच भाषणांवरून मॅजिस्ट्रेटाने मागितलेला जामीन न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी रद्द केला. कलम तेच, वक्ता तोच, हायकोर्टही तेच. बदलले होते ते वाचणाराचे मन.

१९४३ साली तर याहून मोठी गोष्ट घडली. महायुद्ध ऐन भरात होते आणि देशभर हजारो लोक भारत संरक्षण नियमांच्या २६व्या नियमाखाली स्थानबद्ध होते. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या अपिलात ता. २२ एप्रिल रोजी फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी तो नियमच बेकायदा ठरविला. संशयास रास्त आधार हवा असे मूळ कायदा म्हणतो आणि नियम मात्र सरकारच्या नुसत्या समाधानावर माणूस डांबतो, एवढाच त्यांचा मुद्दा. जूनमध्ये याच कोर्टाने खास फौजदारी न्यायालयांचा वटहुकूमही अवैध ठरविला. सरकारने दोन्ही वेळा नवे वटहुकूम काढून वेळ मारून नेली हे खरे. पण ती वटहुकूमशाही आहे हे जगास दिसले, आणि ते दाखविले बादशहाने नेमलेल्या इंग्रज न्यायाधीशाने.

त्याच वर्षी ता. २४ जुलैस वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. गोळीबारात त्यांचे दोन सोबती मारले गेले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहून गावोगाव न्यायदान मंडळे बसू लागली. सरकारी कोर्टावरील विश्वास उडाला म्हणजे लोक आपले न्यायासन आपणच मांडतात. जमिनीचे, कर्जाचे, बायकांच्या छळाचे कितीएक तंटे या मंडळांनी वकिलाच्या फीशिवाय मिटविले. त्या वीरांस आमचे वंदन असो. तथापि वकिलीच्या धंद्यातल्या मनुष्याने हेही म्हटले पाहिजे की, पकडणारा, साक्ष घेणारा आणि पत्री मारणारा एकाच गटाचा असला म्हणजे निरपराध्यास सुटण्याची वाट उरत नाही. हा आक्षेप आम्ही इंग्रजांवर घेतला, तो आपल्या माणसांवर घेण्यास कचरू नये.

आणि स्वराज्यात काय झाले? १९७५ साली आणीबाणी आली. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेले कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रात मंत्री होते. स्थानबद्धांस कोर्टात दाद मागता येते असे मुंबईसह ९ हायकोर्टांनी सांगितले. ता. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने चारास एक अशा मताने ते सर्व निकाल फिरविले. सरकारी शिपायाने बेकायदा जीव घेतला तरी उपाय नाही काय, या प्रश्नास सरकारच्या वकिलाने नाही असेच उत्तर दिले असताना हा निकाल झाला! बहुमतात पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांस मुख्य न्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. ग्वायरना जे परक्या सरकारात साधले ते आमच्या चौघांस आपल्या घटनेच्या छत्राखाली साधले नाही, याची लाज कोणी वाटून घ्यावी? तो निकाल २०१७ साली सुप्रीम कोर्टाने चुकीचा ठरविला, आणि तो ठरविणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीव होते. मधल्या ४१ वर्षांत कितीएक स्थानबद्ध निवर्तले.

आता शिक्षेपूर्वीच्या तुरुंगाचा प्रकार पुढे आला आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली जामीन मिळणे इतके कठीण आहे की, खटला उभा राहण्यापूर्वीच वर्षे जातात. एल्गार परिषद प्रकरणातील फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते. त्यांचा जामीनअर्ज मुंबईच्या हायकोर्टापुढे असतानाच ता. ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीत असताना रुग्णालयात वारले. ते दोषी होते की निर्दोष, हे कोणत्याही न्यायाधीशाने सांगितले नाही, आणि आता कोणी सांगणारही नाही. स्ट्रॅचींनी निदान निकाल दिला होता. राजकीय आरोपाखालील बंद्याच्या जामीनअर्जाचा निकाल ठरीव दिवसांच्या आत, कारणांसह, उघड कोर्टात दिला जावा, आणि निवृत्त होणाऱ्या न्यायाधीशास काही वर्षे तरी सरकारी नेमणूक घेता येऊ नये, या दोन सुधारणांसाठी सातारा व सांगली येथील वकील मंडळांनी येत्या बैठकीत ठराव करावेत आणि ते हायकोर्टाकडे व विधिमंडळाकडे धाडावेत, अशी आमची सूचना आहे.