रिमोट मॅनेजमेंटची ओळख, लेखांक ७ : वॉचडॉगला हजेरी कोणी द्यायची होती?

बीएमसीच्या इव्हेंट लॉगमध्ये 'वॉचडॉग २, हार्ड रिसेट' अशी नोंद दिसली की दोन सल्ले लगेच मिळतात : मदरबोर्ड बदला, नाहीतर वॉचडॉग बंद करून टाका. दोन्ही घाईचे आहेत.

वॉचडॉग हा बीएमसीतला उलटा मोजणारा टायमर. सर्व्हरवरचं एखादं सॉफ्टवेअर त्याला ठरावीक वेळाने पुन्हा मूळ आकड्यावर आणतं. ते थांबलं आणि टायमर शून्यावर आला, की बीएमसी नेमून दिलेलं काम करतो : नुसती नोंद, रिसेट, पॉवर ऑफ किंवा पॉवर सायकल. म्हणजे नोंद एवढंच सांगते, की कोणीतरी वेळेत हजेरी दिली नाही. का दिली नाही, हे बीएमसीला कळत नाही.

कोणी दिली नाही, हे मात्र बहुधा नोंदीच्या तपशिलात सापडतं, आणि नेमका तोच भाग वाचायचा राहतो. आयपीएमआयमध्ये टायमर कशासाठी लावला होता तेही नोंदवलेलं असतं : एफआरबी-२, पोस्ट, ओएस लोड किंवा एसएमएस/ओएस. पहिल्या दोन प्रकारांत मेमरी, प्रोसेसर, पीसीआय कार्डं तपासा. तिथे लिनक्सचे लॉग चाळून काही हाती लागणार नाही, कारण लिनक्स तोवर सुरूच झालेलं नसतं. एसएमएस/ओएस असेल, तर चालू सिस्टिम अडकली होती किंवा टायमरला हजेरी देणारी सेवाच बंद पडली होती.

यानंतर रिसेटमधली अंतरं मोजा. मला ही खूण सगळ्यांत भरवशाची वाटते. यंत्र सुरू झाल्यावर दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी रिसेट होत असेल, तर ते बहुधा निरोगी आहे. बायोसमध्ये ओएस वॉचडॉग चालू आहे, पण ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याला उत्तर देणारं कोणी नाही. नव्याने ओएस टाकल्यावर असं सर्रास घडतं. 'आयपीएमआयटूल एमसी वॉचडॉग गेट' ही आज्ञा टायमर चालू आहे का, किती सेकंद उरले आणि शून्यावर काय होणार, हे दाखवते. अंतरं अनियमित असतील, तर शोध खऱ्या अडकण्याचा : डिस्क कंट्रोलर, ड्रायव्हर, संपलेली मेमरी.

वेळा जुळवताना एक काळजी घ्या. बीएमसीचं घड्याळ स्वतंत्र असतं आणि ते पुष्कळदा यूटीसीवर चालतं. आपल्याकडे मग त्याची नोंद आणि सर्व्हरचा लॉग यांत साडेपाच तासांची तफावत पडते, आणि भलत्याच वेळेच्या ओळी तपासल्या जातात.

कर्नल कोसळल्यावर केडम्प मेमरीची प्रत लिहीत असताना टायमर संपला, तर रिसेट होऊन ती प्रत अर्धवट राहते आणि हाती आलेला पुरावा जातो. अशा यंत्रावर मुदत वाढवा. आयपीएमआयमधला हा आकडा १६ बिटांचा, १०० मिलिसेकंदांच्या एककात असतो, म्हणजे ६५५३.५ सेकंदांपर्यंत जागा आहे. शिवाय प्रीटाइमआउट लावा. त्यामुळे रिसेटच्या काही सेकंद आधी एनएमआय मिळतो आणि कर्नलला आपली अवस्था लिहून ठेवायला उसंत मिळते.

आणि डिस्कच अडकली असेल, तर शेवटच्या ओळी डिस्कवर पोचतच नाहीत. त्यासाठी कर्नलचा कन्सोल सिरियल पोर्टकडे वळवा आणि आयपीएमआय २.० मधल्या सिरियल ओव्हर लॅनमधून येणारा मजकूर दुसऱ्या यंत्रावर सतत साठवत राहा.