पंच, साक्षी आणि चित्रफीत

मराठीत ‘पंच’ ह्या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या इतके निकट नांदतात, की त्यांतील अंतर सहसा आपल्या ध्यानात येत नाही. तंट्याचा निवाडा करणारा तो पंच. आणि पंचनाम्यावर सही करणारा, म्हणजे ‘हे माझ्यासमक्ष घडले’ असे सांगणारा, तोही पंचच. पहिला न्यायाधीशाच्या जागी आहे, दुसरा साक्षीदाराच्या. क्रीडांगणावरील पंच ह्या दोन्ही भूमिका एकट्याने वठवितो. तो प्रथम पाहतो, मग ठरवितो, आणि दोहोंच्या मध्ये एका श्वासाचेही अंतर नसते. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची जी पद्धत गेल्या तीन दशकांत निरनिराळ्या खेळांत आली, तिने ह्या दोन भूमिका प्रथमच विलग केल्या. ह्या पद्धतीमुळे खेळ अधिक न्याय्य होतो काय, हा प्रश्न बहुधा फुटबॉलच्या संदर्भात विचारला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर पंचाची कोणती भूमिका आपण यंत्राकडे सोपवीत आहोत ह्यावर अवलंबून आहे.

(पंचनाम्याच्या पंचालाही आता यंत्राची सोबत मिळाली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ अन्वये झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक ठरले. तरी पंचांच्या सह्या काही रद्द झालेल्या नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे.)

भाषेच्या अभ्यासकास पंचाच्या उक्तीचे विशेष कुतूहल वाटावे. जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या १९५५ सालच्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत, जी पुढे १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, निवाडा देणाऱ्या उक्तींचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिलेला असून क्रीडापंचाचा ‘बाद’ हा उद्गार त्यात सहज बसतो. ही उक्ती वर्णनासारखी दिसते. परंतु ती उच्चारल्यामुळे फलंदाज बाद होतो. आणि तरीही ती निव्वळ आज्ञा नव्हे, कारण ती चुकीची होती असे आपण म्हणू शकतो. त्याच सुमारास, १९६१ साली, एच. एल. ए. हार्ट ह्यांनी खेळातील गुणलेखकाचे उदाहरण घेऊन दाखविले, की निर्णय अंतिम असणे वेगळे आणि अचूक असणे वेगळे. ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे आपल्या प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकावरील वाक्य पहिल्या गोष्टीची ग्वाही देते. दुसरीविषयी ते मौन पाळते.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा आखाडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे मौन कसे निभावत आले हे ठाऊक असेल. हलगीच्या तालावर आरंभी पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या, आणि सूर्य कलल्यावर अखेरची मोठी जोड. पंच म्हणून उभे राहणारे बहुधा जुने वस्ताद. पाठ लागली, अस्मान दिसले, पाठीला माती लागली, अशी पराभवाची जी भाषा आपल्याकडे आहे ती सगळी डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेची आहे. वस्तुतः मल्लाच्या अंगाला माती आधीच फासलेली असते, तेव्हा पाठीवरची माती हा काही पुरावा नव्हे. खरा पुरावा म्हणजे सभोवार कडे करून बसलेला गाव. चहूंबाजूंनी पाहणारे शेकडो डोळे आणि मधोमध एक वजनदार माणूस, अशी ती रचना होती. ज्या कुस्तीत निर्विवाद काही दिसले नाही, ती बरोबरीत सोडविण्याची सोय होती. गुणांवर चालणाऱ्या स्पर्धेत ही सोय नाही. तेथे कोणास तरी जिंकावेच लागते.

आता त्या कड्यातील प्रत्येकाच्या हाती चित्रण करणारा दूरध्वनी आहे. चित्रफितीचा विचार करताना ह्या बदलाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पुनर्दर्शन प्रेक्षकांकडे आधी आले, पंचांकडे पुष्कळ नंतर. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगलाच आत पडला, हे जगभरच्या घरांत क्षणार्धात दिसले. ते न दिसलेले मोजके लोक म्हणजे त्या सामन्याचे पंच. दोनच वर्षांनी, जुलै २०१२ मध्ये, फुटबॉलच्या नियममंडळाने गोलरेषा-तंत्रास मान्यता दिली. चेंडू रेषेपलीकडे पूर्ण गेला की नाही, हा शुद्ध साक्षीचा प्रश्न आहे. यंत्र तो सोडविते, आणि त्यावर आज कोणी फारसे भांडत नाही.

क्रिकेटमध्ये हीच गोष्ट वीस वर्षे आधी घडली होती. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबान येथील कसोटीत सचिन तेंडुलकर दूरचित्रवाणीवरील दृश्य पाहून धावचीत ठरविला गेला. तिसऱ्या पंचाकडून बाद ठरलेला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील तो पहिला फलंदाज. त्या पद्धतीला भारताचा विरोध झाला नाही. विरोध झाला तो पुढे पायचीतच्या निर्णयासाठी चेंडूचा भावी मार्ग रेखाटणाऱ्या यंत्राला. बारामतीचे शरद पवार २०१० ते २०१२ ह्या काळात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते. त्याच काळात, जून २०११ मध्ये, परिषदेने निर्णय-पुनर्विलोकन पद्धत सर्वत्र लागू करण्याचे ठरविले, आणि ऑक्टोबरमध्ये तो निश्चय मागे घेऊन ती बाब दोन्ही देशांच्या संमतीवर सोपविली. भारतीय मंडळाने ती अखेर नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत स्वीकारली. ह्या विरोधात हट्ट किती आणि तत्त्व किती हा वाद बाजूस ठेवला, तरी त्यामागे एक यथार्थ भेद होता. धावचीतच्या वेळी यंत्र घडलेले सांगते. पायचीतच्या वेळी ते न घडलेल्याचे अनुमान करते.

फुटबॉलमध्ये व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहणारा साहाय्यक पंच, मार्च २०१८ मध्ये नियमांत आला आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात वापरला गेला. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि एकाऐवजी दुसऱ्याच खेळाडूस दिलेली शिक्षा, एवढ्याच चार प्रसंगी त्याने लक्ष घालावयाचे. तेही ‘स्पष्ट व उघड चूक’ असेल तरच, किंवा एखादी गंभीर घटना पंचांच्या दृष्टीआड झाली असेल तर. ह्या प्रयोगाच्या समर्थनार्थ नियममंडळाने जानेवारी २०१८ मध्ये लवेन विद्यापीठाची पाहणी पुढे केली. ८०४ सामन्यांत तपासणीयोग्य निर्णयांची अचूकता ९३ टक्क्यांवरून ९८.९ टक्क्यांवर गेली, असे तीत आढळले. आकडे प्रभावी आहेत खरे. मात्र ‘अचूक’ कशास म्हणावे हे अखेर चित्रफीत पाहणाऱ्या जाणकारांनीच ठरवावयाचे असते. ऑफसाइडच्या बाबतीत ह्याने काही बिघडत नाही. धसमुसळेपणा किती गंभीर होता ह्या बाबतीत मात्र तो एका वाचनाने दुसऱ्या वाचनास दिलेला दुजोरा ठरतो.

त्याच वर्षाच्या १५ जुलैचा अंतिम सामना ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. फ्रान्स व क्रोएशिया १–१ असे बरोबरीत असताना चेंडू क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना ह्यांनी प्रथम कॉर्नर दिला. नंतर कडेच्या पडद्यावर दृश्य पाहून पेनल्टी दिली. चेंडू हाताला लागला ह्याविषयी चित्रफितीने काहीही संशय ठेवला नाही. परंतु तेव्हाचा नियम ‘हेतुपुरस्सर’ स्पर्शाविषयी होता, आणि हेतू कोणत्याही कोनातून टिपता येत नाही. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. साक्षीदार नियमाला पुरा पडेना, तेव्हा नियमच साक्षीदाराला मानवेल असा बदलण्यात आला. २०१९ मध्ये हात खांद्याच्या वर होता काय, त्याने शरीर अस्वाभाविकपणे मोठे झाले काय, अशी दिसू शकणारी लक्षणे नियमात घालण्यात आली. हेतू नसतानाही हाताला लागून झालेला गोल बाद ठरू लागला. ते इतके जाचक झाले की २०२१ मध्ये त्याला पुन्हा मुरड घालावी लागली. ‘अस्वाभाविक’ हा शब्द मात्र राहिला, आणि तो ‘हेतुपुरस्सर’इतकाच अर्थनिर्णयावर विसंबलेला आहे. एका शब्दाचे ओझे दुसऱ्या शब्दाच्या शिरावर गेले, इतकेच.

दृश्य मंदगतीने दाखविल्यास निर्णय बदलतो, हेही सिद्ध झालेले आहे. लवेनमधीलच संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मंदगतीने पाहिलेल्या अपराधांना पंचांनी अधिक कडक शिक्षा सुचविल्या. व्हीएआरच्या कार्यपद्धतीत म्हणूनच असा विवेक केलेला आहे, की स्पर्श कोठे झाला हे पाहण्यास मंदगती चालेल, पण त्याची तीव्रता ठरविण्यास दृश्य नेहमीच्या गतीनेच पाहावे. साक्ष आणि निवाडा ह्यांतील आपण वर केलेला भेद ह्या कलमाच्या कर्त्यांनाही जाणवला होता, हे उघड आहे.

यंत्राची साक्ष निर्दोष असूनही निवाडा बिघडू शकतो, ह्याचे उदाहरण ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनम व लिव्हरपूल ह्यांच्या सामन्यात मिळाले. लिव्हरपूलच्या लुइस दियासचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरविला गेला. पडद्यावर तो ऑफसाइड नसल्याचे दिसले. पण पडद्यासमोरील पंचांचा समज असा झाला होता, की मैदानावर गोल दिलेलाच आहे. तेव्हा त्यांनी ‘चेक कम्प्लीट’ असे कळविले. मैदानावरील पंचांनी त्याचा अर्थ आपला ऑफसाइडचा निर्णय कायम झाला असा घेतला. चूक उमगेपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता आणि नियमाने मागे जाता येत नव्हते. लिव्हरपूल १–२ असे हरले. ‘तपासणी पूर्ण’ ह्या उक्तीत कशाची तपासणी आणि काय निष्पन्न, हे दोन्ही अध्याहृत असतात. श्रोता व वक्ता ह्यांची गृहीते जुळली तरच ती अर्थपूर्ण होते. भाषाविज्ञानाच्या वर्गात पूर्वगृहीतावरचा धडा ह्याहून चांगल्या उदाहरणाने शिकविता येणार नाही.

आता आपल्या घरच्या वादाकडे वळू. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत शिवराज राक्षे ह्यांना पृथ्वीराज मोहोळ ह्यांच्याविरुद्ध चितपट घोषित करण्यात आले. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते, चित्रफीत पाहावी, अशी राक्षे ह्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. वाद वाढला आणि त्यांनी पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड गुणावरून हुज्जत होऊन मैदानाबाहेर पडले आणि मोहोळ विजयी ठरले. राक्षे व गायकवाड ह्या दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केल्याचे जाहीर झाले. मल्लाच्या उमेदीच्या काळातील तीन वर्षे म्हणजे किती, हे सांगावयास नको. राज्याचे क्रीडाखाते त्या वेळी इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे ह्यांच्याकडे होते.

चित्रफीत पाहिली असती तर हे टळले असते, असे सर्वत्र बोलले गेले. लाथेचे समर्थन कोणी करू नये. परंतु मागणीचा विचार करावयास हवा. जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमांत ‘चॅलेंज’ आहे. प्रत्येक मल्लाला एका लढतीत एक आव्हान मिळते, आणि ते फसल्यास प्रतिस्पर्ध्यास एक गुण जातो. मात्र चितपटीविरुद्ध आव्हान घेता येत नाही. कारण असे दिले आहे, की चितपट ही मॅट चेअरमनच्या दुजोऱ्याशिवाय ठरतच नाही. म्हणजे दुसरी साक्ष तिच्यात आधीच अंतर्भूत आहे. युक्तिवाद ऐकावयास ठीक वाटतो. पण दोन माणसांनी एकदाच पाहिले, म्हणून दोनदा पाहिले असे होत नाही. ज्या एका निर्णयाने कुस्ती तेथल्या तेथे संपते तोच तपासणीबाहेर ठेवावा, हे प्रस्तुत लेखकास पटत नाही.

तथापि चित्रफितीने वाद निश्चित मिटला असता असेही नव्हे. नियमाप्रमाणे खांदे टेकणे पुरेसे नाही. ताबा पूर्ण आहे हे पंचास दिसण्याइतका वेळ ते टेकलेले राहावे लागतात. पहिली गोष्ट कॅमेरा सांगेल. ‘पूर्ण ताबा’ आणि ‘पुरेसा वेळ’ ह्या शब्दांचा अर्थ त्याला सांगता येणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड ह्यांच्या माती विभागातील लढतीत एका टांगेवर दिलेल्या चार गुणांचा वाद आठवावा. ती टांग राज्यातील लक्षावधी लोकांनी आपापल्या दूरध्वनीवर वारंवार पाहिली. सिकंदर धोकादायक स्थितीत पुरता गेला होता काय, ह्यावर त्यांचे एकमत मात्र झाले नाही. सर्वांना सर्व काही दिसत होते. मतभेद ‘धोकादायक स्थिती’ ह्या संज्ञेच्या व्याप्तीविषयी होता.

खर्चाची अडचण पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. भारताच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेत मार्च २०२३ मध्ये सुनील छेत्रीच्या फ्री किकवरून केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला आणि त्यास चार कोटी रुपये दंड झाला, तेव्हा व्हीएआरची मागणी जोरात झाली होती. (वास्तविक पंचांनी फ्री किक त्वरित घेऊ देणे योग्य होते काय, हा तेथील मुद्दा व्हीएआरच्या चार प्रसंगांत बसणारा नव्हता.) २०२४ पासून फिफाने थोड्या कॅमेऱ्यांवर भागणारी आणि प्रशिक्षकाच्या मागणीवरून तपासणी करणारी एक साधी पद्धत महिलांच्या युवा विश्वचषकांत वापरून पाहिली. ती कुस्तीतील आव्हानाशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. जिल्हा निवड चाचणीला, बारामती-इंदापूरच्या मल्लांचा केसरीकडे जाणारा मार्ग जेथून सुरू होतो तेथे, गादीच्या दोन कोपऱ्यांवर दोन कॅमेरे लावणे अशक्य नाही.

त्याहून कमी खर्चाची एक गोष्ट आहे. २०२३ पासून फिफाच्या स्पर्धांत पंच चित्रफीत पाहिल्यावर ध्वनिक्षेपकावरून आपला निर्णय व त्याचे कारण प्रेक्षकांना सांगू लागले. कुस्तीत पंच हात वर करतात, गुणफलक बदलतो, शिट्टी वाजते. कारण कोणी सांगत नाही. ‘दोन्ही खांदे टेकले होते, ताबा पूर्ण होता, चेअरमनची संमती आहे’ एवढे मराठीतून स्पष्ट म्हटले, तर मल्ल व प्रेक्षक ह्यांना निदान कोणत्या शब्दाशी आपला मतभेद आहे ते कळेल. त्यासाठी ताबा, धोकादायक स्थिती, पुरेसा वेळ ह्या संज्ञांच्या मराठी व्याख्या पंचांच्या हाती असावयास हव्यात. हे काम कॅमेऱ्याचे नाही, व्यायामशाळेचेही नाही. वस्तादांना सोबत घेऊन ते आपल्यासारख्या विभागांनी करावयाचे आहे.