अडकलेला टो हिच

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या मागे चेसिसला एक चौकोनी नळी पक्की बसवलेली असते; तिला रिसीव्हर म्हणतात. अमेरिकेत तिचं नेहमीचं माप 2 इंच. त्यात टो हिचचा, म्हणजे ट्रेलर ओढायच्या जोडाचा, दांडा सरकवायचा आणि 5/8 इंचाची आडवी पिन घालायची, एवढीच ही जोडणी. दांडा वर्षभर तसाच ठेवला, की थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पाण्याबरोबर नळीत शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे मधली फट भरते आणि दांडा जाम होतो.

आधी पिन काढा. तीही अडली असेल तर पान्याने धरून गोल फिरवत सैल करा. मग सांध्यात गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. लोक नेमकी इथेच घाई करतात! दुसऱ्या दिवशी नळीच्या चारही बाजूंवर हातोड्याचे मध्यम ठोके द्या. नुसत्या ओढण्यापेक्षा या हादऱ्यांनीच गंजाची पकड सुटते. नळीचं आतलं टोक उघडं असेल, तर तिकडून पहार लावून दांडा बाहेर ठोकता येतो. तेल मारलेल्या जागी गॅसची ज्योत मात्र नको. इंधनाची टाकी जवळच असते.

ट्रेलर ज्यावर अडकतो त्या हिचच्या गोळ्याला दोर बांधून दुसऱ्या गाडीने हिसका तर मुळीच देऊ नका. गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. त्याने माणसं दगावली आहेत.

दांडा निघाला, की तारेच्या ब्रशने घासून ग्रीसचा पातळ हात द्या, आणि ओढायचं काही नसेल तेव्हा तो काढून ठेवा.