खिओसचे अश्रू आणि दातांची कीड

काष्ठौषधीच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ मागितली, की फिकट पिवळ्या खड्यांची लहानशी पुडी मिळते आणि भाव ऐकून माणूस दचकतो. अस्सल मस्तकी येते ती एजियन समुद्रातल्या खिओस या ग्रीक बेटावरून. मस्तकी म्हणजे पिस्त्याच्या कुळातल्या एका झाडाची राळ. हे झाड भूमध्य समुद्राभोवती बऱ्याच ठिकाणी वाढतं. पण अशी राळ देणारी झाडं प्रामुख्याने या बेटाच्या दक्षिणेकडच्या चोवीस गावांतच आहेत.

उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून, सारखी करून तिच्यावर पांढरी चुनखडीची पूड पसरतात. मग खोडाला बारीक चिरा देतात. पाझरणारी राळ थेंबाथेंबाने खाली पडते आणि दोन-तीन आठवड्यांत वाळते. या थेंबांना तिथले लोक अश्रूच म्हणतात. एकेक खडा टोकदार सुरीने साफ करण्याचं काम हिवाळाभर चालतं, ते मुख्यतः बायकांच्या हातून. या मालावर किती सत्तांचा डोळा होता! १३४६ ते १५६६ या काळात जिनोआच्या व्यापाऱ्यांनी इथे मक्तेदारी चालवली. चोरीला अवयव तोडण्यापर्यंतच्या शिक्षा होत्या. आज उत्पादकांचा १९३८ साली स्थापन झालेला सहकारी संघ आहे आणि २०१४ पासून ही लागवडीची विद्या युनेस्कोच्या वारशात आहे.

पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस मस्तकीचा उपयोग दंतमंजनात आणि मुखदुर्गंधीवर सांगतो. त्यात तथ्य किती, हे प्रयोगशाळेत गेल्या काही दशकांतच तपासलं गेलं. दात किडवणारा मुख्य जंतू स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. तो साखरेपासून आम्ल बनवतो आणि सामू साडेपाचच्या आसपास उतरला की दातावरचं कवच विरघळू लागतं. २००६ साली तुर्की संशोधकांनी निरोगी हिरड्यांच्या २५ जणांच्या लाळेत हेच जंतू मोजले. मस्तकी पंधरा मिनिटं चघळल्यावर त्यांची संख्या घटली आणि दोन तासांनंतरही ती कमीच होती. मला या प्रयोगातली तुलना महत्त्वाची वाटते: दुसऱ्या वेळी चघळायला दिलं होतं साधं पॅराफिन. काहीही चघळलं तरी लाळ सुटते आणि तोंड धुतलं जातं. ते श्रेय मस्तकीच्या खात्यात जाऊ नये म्हणून ही खबरदारी. त्याआधी, २००३ साली, जपानमध्ये दंतवैद्यकाच्या २० विद्यार्थ्यांवरही असाच प्रयोग झाला. सात दिवस दात न घासता मस्तकी चघळणाऱ्यांच्या दातांवर थर कमी साचला.

हे काम करतं कोण? राळेतून काढलेल्या तेलात सर्वांत मोठा वाटा अल्फा-पायनीनचा, देवदार-चीडच्या वासातलं तेच द्रव्य. त्याच्या मागोमाग मायर्सीन. २००५ सालच्या एका अभ्यासात तेलातले घटक वेगळे करून तपासले, तेव्हा व्हर्बिनोन, लिनालूल, टर्पिनिऑल यांसारख्या थोड्या प्रमाणातल्या द्रव्यांचाही जंतुनाशक गुणात हात असल्याचं दिसलं. ही द्रव्यं स्निग्ध असल्याने जंतूच्या स्निग्ध आवरणात शिरतात आणि ते गळकं करतात. एकच घटक शुद्ध करून बाटलीत भरण्याच्या घाईला इथे आळा बसायला हवा.

दुसरी घाईही टाळायला हवी. १९९८ साली मस्तकी पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूला मारते, असं एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं. तो प्रयोग काचपात्रातला होता. २००३ साली रुग्णांना मस्तकी देऊन पाहिली, तेव्हा जंतू जागचे हलले नाहीत. तोंडाची गोष्ट थोडी वेगळी, कारण इथे राळ जंतूंना थेट भिडते. तरीही २० आणि २५ माणसांच्या प्रयोगांतून कीड थांबते असं म्हणता येत नाही. लाळेतले जंतू घटणं आणि पुढच्या दोन वर्षांत दात न किडणं यांत मोठं अंतर आहे. युरोपीय औषध यंत्रणेनेही मस्तकीचा पारंपरिक वापर मान्य केला आहे तो सौम्य अपचनासाठी आणि त्वचेच्या किरकोळ दाहासाठी. हिरड्यांची सूज आणि तोंडातले किरकोळ व्रण यांसाठी तिने मान्यता दिली आहे ती आपल्या हिराबोळाच्या अर्काला.

म्हणून मस्तकी जरूर चघळावी, पण ब्रश आणि फ्लोराइडच्या जोडीला. बाटलीतलं तेल मात्र हिरड्यांना तसंच चोळू नये; सुगंधी तेलं तीव्र असतात, नाजूक त्वचा पोळते. आणि ज्यांना संशोधन करायचं आहे, त्यांनी शाळकरी मुलांच्या दातांवर दोन-तीन वर्षांची चाचणी हाती घ्यावी, साध्या च्युइंगमशी तुलना करून.