'होकस पोकस' : एका निरर्थक शब्दाचे कार्य

शब्दाला अर्थ नसला तरी त्याच्या हातून कार्य घडू शकते काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मंत्र अर्थशून्य आहेत, हे मत यास्काने निरुक्तात कौत्साच्या नावावर नोंदविले आहे आणि त्याचे सविस्तर खंडनही केले आहे. याच प्रश्नाचा एक लहानसा, काहींना कदाचित क्षुल्लक वाटेल असा, दाखला येथे विचारासाठी घेतला आहे. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'होकस पोकस' नामक संगणकीय खेळात तो सापडतो.

मूनलाइट सॉफ्टवेअर या मंडळीने हा खेळ डॉस प्रणालीच्या संगणकांसाठी तयार केला व टेक्सस राज्यातील ॲपॉजी या संस्थेने तो प्रकाशित केला. त्याचे चार भाग असून प्रत्येक भागात नऊ टप्पे आहेत. पहिला भाग विनामूल्य वाटावयाचा, त्याच्या प्रती इतरांना देण्यास मुभा ठेवावयाची आणि गोडी लागलेल्याने उरलेले भाग विकत घ्यावयाचे, अशी ॲपॉजीची विक्रीची रीत होती. कथानक साधेच आहे. होकस नावाच्या शिकाऊ जादूगाराला पोपोपा या तरुणीशी विवाह करावयाचा आहे. त्यासाठी जादूगारांच्या मंडळात प्रवेश मिळावयास हवा. आणि मंडळाचा प्रमुख टेरेक्झिन त्याला जादूचे स्फटिक गोळा करून आणावयास पाठवितो. खेळणाऱ्याने होकसला पळवावे, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उडी मारावयास लावावे, आणि वाटेत अवचित प्रकट होणाऱ्या राक्षसांवर त्याच्या हातातून विजेचे लोळ सोडावेत. धावणे, उडणे व मारा करणे या तीन क्रियांवर उभ्या असलेल्या खेळांचा त्या दशकात सुकाळ होता. त्यांतील बहुतेक नायक बंदूकधारी असत. येथे बंदुकीच्या जागी जादू आली आहे, आणि आपल्या विषयाचा आरंभ तेथेच होतो.

'होकस पोकस' हे इंग्रजीत जादूगाराच्या तोंडचे शब्द म्हणून सतराव्या शतकापासून आढळतात. १६३४ साली लंडन येथे हातचलाखीच्या विद्येवरील जे पुस्तक निघाले, त्याच्या नावातच ते आहेत. त्याच शतकाच्या मध्यास टॉमस अ‍ॅडी याने पहिल्या जेम्स राजाच्या काळातील एका जादूगाराची हकीकत दिली आहे. हा गृहस्थ प्रत्येक खेळाच्या वेळी असले लॅटिनसारखे भासणारे शब्द पुटपुटत असे; हेतू एवढाच, की प्रेक्षकांचे लक्ष त्यांत गुंतावे आणि हात मोकळे राहावेत. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप टिलटसन याने अशी कल्पना मांडली, की ख्रिस्तप्रसादाच्या विधीत कॅथलिक पुरोहित 'हे शरीर आहे' अशा अर्थाचे जे लॅटिन शब्द उच्चारतो, त्यांचाच हा अपभ्रंश असावा. ही व्युत्पत्ती आकर्षक आहे खरी. परंतु ती सांगणारा प्रॉटेस्टंट होता व त्याला कॅथलिक विधीची थट्टा करावयाची होती, हे विसरता कामा नये. तिला स्वतंत्र पुरावा नाही. प्रस्तुत लेखकास ती ग्राह्य वाटत नाही.

याचे कारण असे, की या शब्दाची घडण समजण्यासाठी लॅटिनपर्यंत जाण्याची गरजच नाही. मराठीतील 'शेजारीपाजारी' किंवा 'अघळपघळ' हे शब्द पाहावेत. 'पाजारी' नावाचा कोणी मनुष्य नसतो, 'पघळ' असे काही नसते. पहिल्या घटकातील आद्य ध्वनी बदलून अथवा त्यामागे नवा ध्वनी जोडून दुसरा घटक सिद्ध होतो. आपले व्याकरणकार यांना अंशाभ्यस्त शब्द म्हणतात. 'होकस'ला 'पोकस' जोडले गेले ते याच रीतीने, आणि योगायोगाने येथेही 'प'च आला आहे. फरक एवढाच, की 'शेजारी' सार्थ आहे आणि 'होकस' तोही नाही. ट्रोब्रिअंड बेटांवरील शेतीच्या मंत्रांचा अभ्यास करताना मॅलिनोव्स्कीने १९३५ च्या आपल्या ग्रंथात मंत्रभाषेच्या अशा विचित्रपणाकडे लक्ष वेधले आहे: मंत्र हा रोजच्या बोलण्यासारखा वाटून चालत नाही. खेळाच्या कर्त्यांनाही ध्वनीची ही जाण असावी. नायिकेचे 'पोपोपा' हे नावही अभ्यासातूनच, म्हणजे द्विरुक्तीतूनच, घडले आहे. 'टेरेक्झिन' मात्र निराळ्या घाटाचे. ते एखाद्या खोकल्याच्या औषधाचे नाव वाटते.

आता गंमत अशी, की या खेळातील जादूगार एकही मंत्र म्हणत नाही. जादूगाराच्या तोंडचा शब्द नायकाचे नाव होऊन बसला आहे आणि त्याच्या जागी कळफलकावरील एक कळ आली आहे. कळ दाबली की वीज सुटते. उच्चार चुकण्याचे भय नाही, श्रद्धेची अपेक्षा नाही. मंत्र अर्थाविना केवळ विधीच्या नियमांनी चालतात, असे जे कौत्समतानुयायी म्हणतील, त्यांना याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही.

लेखकाचे स्वतःचेही मत पुष्कळ वर्षे असेच होते. १९९७ च्या सुमारास तालुक्याच्या गावी एका संगणक-वर्गात आम्ही चार मुले हा खेळ, म्हणजे त्याचा फुकटचा पहिला भाग, खेळत असू. इंग्रजी आम्हांला पाठ्यपुस्तकापुरते येई. खेळात ठरावीक ठिकाणी पोहोचले की टेरेक्झिनचा संदेश पडद्यावर उमटे. तो पुढे ढकलण्याची कळ तेवढी आम्हांला ठाऊक होती. तरीही आम्ही सर्व टप्पे पार केले. भाषेवाचून खेळ येतो, याचा हा पुरावाच, असे मी पुढे वर्गात विद्यार्थ्यांना सांगतही असे.

अलीकडे तो खेळ पुन्हा खेळून पाहिला आणि या वेळी संदेश वाचले. जे आम्ही पंधरापंधरा वेळा मरून व टप्पा पुन्हा आरंभापासून खेळून शिकलो होतो, त्यातले पुष्कळसे टेरेक्झिन एका वाक्यात सांगत होता. दोष मंत्राचा नसून न जाणणाऱ्याचा असतो, या आशयाचे यास्काचे उत्तर तेव्हा मला प्रथमच नीट उमगले. विद्यार्थ्यांना दिलेला तो दाखला मी आता मागे घेतला आहे. अर्थावाचून आमचे काम भागले, परंतु त्याची किंमत आम्ही वेळाने मोजली. आणि संगणक-वर्गाची फी तासावर होती, हेही सांगितले पाहिजे.

एका बाबतीत मात्र आम्ही त्या शब्दाला तसे सोडले नव्हते. बंडूचा बंड्या व्हावा तसा होकसचा आम्ही 'होक्या' केला होता. 'होक्याला डावीकडे घे', 'होक्याच्या डोक्यावर बघ', अशी त्याची सर्व विभक्तिरूपे त्या खोलीत बिनचूक चालत, आणि हे नाव कशावरून आले, असे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही.