वॉट नव्हे, ॲम्पियर वाचा

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात कारखाने आणि घरं एकमेकांना खेटून आहेत. शेडमधली मोठी मोटर चालू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. घर त्याच फीडरवर असेल तर दिवे क्षणभर मंदावतात. दिव्यांचं त्यात काही बिघडत नाही, पण संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. तो तग धरणार की नाही, हे बऱ्याच अंशी एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ठरतं. आणि घरी संगणक जुळवताना नेमका तोच उरल्यासुरल्या पैशांत उरकला जातो.

एसएमपीएस २३० व्होल्टच्या एसीचं १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसीत रूपांतर करतो. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये वीज आधी ३९० व्होल्टच्या आसपास एका जाडजूड कॅपॅसिटरमध्ये साठते. हा कॅपॅसिटर ३९० मायक्रोफॅरडचा असेल, तर ३०० व्होल्टपर्यंत उतरताना तो सुमारे १२ ज्यूल ऊर्जा देतो. ५०० वॉटच्या भाराला ती जेमतेम २० मिलिसेकंद पुरते, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन. साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ हाच कॅपॅसिटर निभावून नेतो. इथे काटकसर झाली असेल, तर यूपीएस असूनही मशीन बंद पडतं.

आता वॉटचा हिशेब. इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड ११५. मदरबोर्ड, पंखे, डिस्क यांचे ७५ धरले तरी बेरीज ३०७ होते. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात उसळी मारतं, म्हणून ५०० ते ५५० वॉटचा एसएमपीएस घ्यावा. मात्र खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. लेबलवर १२ व्होल्टसमोर १८ ॲम्पियर लिहिलं असेल, तर तिथे मिळणार फक्त २१६ वॉट, खोक्यावर ४५० छापलेलं असलं तरी.

मग कनेक्टर. मदरबोर्डला २४ पिनचा, प्रोसेसरला बहुधा ८ पिनचा वेगळा. ग्राफिक्स कार्डाचा ६ पिनचा कनेक्टर ७५ वॉटसाठी असतो, ८ पिनचा १५० साठी. प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनचा कनेक्टर सारखाच दिसतो, पण दोन्हींतली धन-ऋण जोडणी वेगळी असते. जोर लावून एकाच्या जागी दुसरा बसवू नका. मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावणं तर त्याहून धोक्याचं. प्लग बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची निराळी असल्याने डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो.

सगळं नीट निवडलं तरी घराचं अर्थिंग कच्चं असेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. तेव्हा खरेदीला निघण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि दुकानात पैसे मोजण्याआधी १२ व्होल्टसमोरचे ॲम्पियर वाचा.